चमकले म्हणजे सापडले, असे नाही

विज्ञानाची एखादी मोठी बातमी आली की तिच्यासोबत हमखास एक चित्र येते. काळ्याभोर पार्श्वभूमीवर उजळलेली पेशी, मधोमध निळे केंद्रक, भोवती हिरव्या धाग्यांचे जाळे आणि मधूनच लाल ठिपके. खाली ओळ असते, ‘हिरव्या रंगात दिसते आहे ते अमुक प्रथिन’. आपण चित्र पाहतो आणि मान डोलावतो. डोळ्यांनी दिसले, आता आणखी पुरावा कशाला हवा?

या लेखाचा विषय तो ‘आणखी पुरावा’च आहे. असे चित्र देखणे असते, पुष्कळदा खरेही असते, पण ते आपल्या बळावर काहीच सिद्ध करत नाही. पेशीतली प्रथिने मुळात हिरवी किंवा लाल नसतात. त्यांच्यावर संशोधकाने चमकणारी खूण चिकटवलेली असते. ती खूण हव्या त्याच प्रथिनाला चिकटली की दुसऱ्याच कशाला, हे चित्राकडे बघून कळत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी करावी लागते. ही तपासणी जगभरात अनेकदा झालीच नाही, आणि त्याची किंमत संशोधनाने, सरकारी तिजोऱ्यांनी व शेवटी रुग्णांनी मोजली, हे आता पुरेशा पुराव्यानिशी समोर आले आहे. म्हणून हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेच्या चार भिंतींतला राहिलेला नाही.

आधी ही खूण लागते कशी, ते पाहू. दुकानदार पाचशेची नोट जांभळ्या दिव्याखाली धरतो तेव्हा तिच्यातले धागे आणि क्रमांक चमकून उठतात. काही पदार्थ एका रंगाचा प्रकाश शोषून घेतात आणि लगोलग त्याहून कमी ऊर्जेचा, म्हणजे वेगळ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. याला प्रतिदीप्ती म्हणतात. तेलात कालवलेली हळदही अतिनील प्रकाशात अशीच पिवळट-हिरवी चमकते. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये क्विनाइनच्या द्रावणाची ही चमक अभ्यासली. १८७१ मध्ये अडॉल्फ फॉन बायर यांनी फ्लुरोसीन नावाचा रंग तयार केला. त्याच्यावर निळा प्रकाश टाकला की तो हिरवा चमकतो. दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या पाहायच्या असतील तर नेत्रतज्ज्ञ आजही हाताच्या शिरेतून हाच रंग टोचतात.

पण नुसता रंग पेशीवर ओतला तर तो वाटेल तिथे पसरेल. त्याला नेमका पत्ता दाखवणारा कोणीतरी हवा. हे काम प्रतिपिंडे करतात. करोनाच्या काळात ‘अँटिबॉडी’ हा शब्द घरोघरी पोहोचला, तीच ही प्रतिपिंडे. शरीरात परके काही शिरले की त्याला ओळखून चिकटणारी प्रथिने आपली रोगप्रतिकारयंत्रणा बनवते. सशाला एखादे मानवी प्रथिन टोचले की सशाचे शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ती सशाच्या रक्तातून वेगळी काढायची, त्यांना चमकणारा रंग जोडायचा आणि पेशीवर सोडायचे. बहुतेकदा हे काम दोन टप्प्यांत होते. सशाचे प्रतिपिंड आधी प्रथिनाला चिकटते, मग सशाच्या प्रतिपिंडांना ओळखणारे, बकरीच्या शरीरात तयार झालेले दुसरे प्रतिपिंड रंग घेऊन येते. सूक्ष्मदर्शकाखाली जिथे चमक, तिथे प्रथिन, असा हा हिशेब आहे.

ही कल्पना अल्बर्ट कून्स या हार्वर्डच्या तरुण डॉक्टरची. १९३९ च्या उन्हाळ्यात ते बर्लिनमध्ये होते. त्यांच्या डोक्यात ऱ्हुमॅटिक फीवर घोळत होता. घशाच्या जंतुसंसर्गानंतर मुलांच्या सांध्यांना आणि हृदयाच्या झडपांना धरणारा हा आजार. त्यात हृदयाच्या स्नायूत ज्या बारीक गाठी दिसतात, त्यांच्यात स्ट्रेप्टोकोकस जंतूचा काही अंश खरोखर असतो का, हे त्यांना पाहायचे होते. जंतूला ओळखणाऱ्या प्रतिपिंडालाच दिवा जोडला तर? मायदेशी परतल्यावर रसायनशास्त्रज्ञांच्या मदतीने त्यांनी ते करून दाखवले आणि १९४१ मध्ये रंग जोडलेल्या प्रतिपिंडाचा पहिला वृत्तांत प्रसिद्ध झाला.

या गोष्टीतला पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कून्स यांचा पहिला रंग निळा चमकणारा होता. पण शरीरातल्या ऊतीही अतिनील प्रकाशात आपणहून निळसर चमकतात. मग जे दिसते आहे ते जंतूचे की ऊतीचेच? शंका आली म्हणून त्यांनी रंग बदलला आणि हिरवा फ्लुरोसीन घेतला. पुढे १९५० मध्ये मेल्विन कॅप्लान यांच्यासोबत ही पद्धत सुधारताना त्यांनी आणखी काळजी घेतली. रंगीत प्रतिपिंडे आधी ऊतींच्या भुकटीत घोळवून घेतली, म्हणजे वाटेल तिथे चिकटणारी प्रतिपिंडे त्या भुकटीतच अडकून राहतील. थोडक्यात, ज्या माणसाने ही चमक जगाला दिली, त्याला तिच्यावर पहिल्या दिवसापासून पूर्ण भरवसा नव्हता.

याला एक विलक्षण योगायोगही जोडलेला आहे. घशातल्या जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे हृदयातल्या मिळत्याजुळत्या प्रथिनांनाही जंतू समजतात आणि त्यातून ऱ्हुमॅटिक फीवरमध्ये झडपा खराब होतात, असे आज वैद्यकशास्त्र मानते. म्हणजे कून्स ज्या आजाराच्या मागे निघाले होते, त्याचे मूळच प्रतिपिंडांच्या चुकलेल्या ओळखीत होते. जी चूक रुग्णाच्या हृदयात होऊ शकते, ती काचपट्टीवर होणार नाही असे मानायला काहीच आधार नाही.

चूक का होते, हे समजायला फार शास्त्र लागत नाही. कोल्हापूरकडच्या एखाद्या गावच्या बाजारात उभे राहून ‘अहो पाटील’ अशी हाक मारून पाहा. दहा माना वळतील. प्रतिपिंडाचेही तसेच आहे. ते सबंध प्रथिन ओळखत नाही, त्याचा एक इवलासा भाग ओळखते. तसाच भाग दुसऱ्या प्रथिनावर असला की तिथेही चिकटते. फॉर्मॅलिनमध्ये पेशी टिकवल्यावर प्रथिनांचा आकार बदलतो, मग एका प्रयोगात नीट ओळखणारे प्रतिपिंड दुसऱ्या प्रयोगात भलतीकडेच जाते. मात्रा जास्त झाली तर ते कुठेही चिकटून बसते. सशाकडून मिळालेल्या प्रतिपिंडांत शेकडो प्रकारांची सरमिसळ असते आणि तो ससा मेला की पुढच्या सशाची सरमिसळ वेगळी. १९७५ मध्ये जॉर्ज क्योलर आणि सीझर मिलस्टाइन यांनी एकाच साच्याची प्रतिपिंडे बनवण्याची पद्धत शोधली आणि १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यामुळे एकसारखेपणाचा प्रश्न बराच सुटला, ओळखीचा मात्र पूर्ण सुटला नाही. एकच माणूस दरवेळी त्याच आवाजात ‘पाटील’ म्हणू लागला, एवढेच.

त्यात प्रकाशाच्या भानगडी वेगळ्या. एका रंगाची चमक शेजारच्या रंगाच्या खान्यात सांडते. आज एका नमुन्यात ४० पर्यंत रंग वापरण्याची सोय झाली आहे, तेव्हा हे सांडणे किती जपून हिशेबात घ्यावे लागत असेल याची कल्पना करावी. शिवाय असे सूक्ष्मदर्शक सहसा कृष्णधवल चित्रच टिपतात. हिरवा, लाल, निळा हे रंग संगणकावर नंतर भरले जातात. उजळपणा किती ठेवायचा हेही माणूसच ठरवतो. यात फसवणूक नाही. पण ज्या चित्राला आपण ‘डोळ्यांनी पाहिलेला पुरावा’ म्हणतो, त्याच्या वाटेत इतके मानवी निर्णय असतात, हे वाचकाला माहीत असायला हवे.

आता प्रत्यक्ष नुकसानीकडे येऊ. स्तनांच्या कर्करोगात इस्ट्रोजेन हे संप्रेरक ओळखणारे ‘अल्फा’ नावाचे प्रथिन फार महत्त्वाचे असते, त्यावर अनेक वर्षे यशस्वी उपचार होत आले आहेत. १९९६ मध्ये त्याचेच भावंड, ‘बीटा’, सापडले. आणखी एक लक्ष्य मिळाले, नवी औषधे येतील, अशी मोठी आशा निर्माण झाली. बीटा स्तनाच्या पेशींत दिसल्याचे ढीगभर शोधनिबंध आले. वीस वर्षे गेली, पण त्यातून अपेक्षित उपचार काही आले नाहीत. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी बीटा ओळखणारी म्हणून वापरली जाणारी १३ प्रतिपिंडे एका रांगेत उभी केली आणि कसून तपासली. ऊतींच्या तपासणीत फक्त एकच कसोटीला उतरले, आणि ते संशोधकांनी क्वचितच वापरलेले होते. त्या एका खऱ्या प्रतिपिंडाने पाहिल्यावर बीटा अंडाशयात, वृषणात आणि काही रोगप्रतिकार पेशींत आढळले. निरोगी किंवा कर्करोगग्रस्त स्तनांत मात्र ते असल्याचा पुरावा मिळाला नाही.

इथे दोन खुलासे केले पाहिजेत. त्या तपासण्यांत प्रतिपिंडाला जोडलेली खूण चमकणारी नव्हती, साधा रंग उमटवणारी होती. पण ओळख पटवणारे प्रतिपिंडच चुकले की खूण चमको वा न चमको, उत्तर चुकतेच. दुसरा खुलासा अधिक महत्त्वाचा. रुग्णालयांत स्तनांच्या कर्करोगासाठी नेहमी जी ‘ईआर’ तपासणी होते ती अल्फाची असते. तिची प्रतिपिंडे पारखलेली असतात आणि तिच्यावर उपचार ठरवणे योग्यच आहे. या लेखातले काही वाचून कोणीही आपल्या अहवालावर अविश्वास दाखवू नये.

दुसरे उदाहरण कॅनडातल्या टोरोंटोचे. स्वादुपिंडाचा कर्करोग लवकर ओळखता येत नाही, म्हणून तो घातक. एलेफ्थेरिओस डायमंडिस यांच्या गटाला रक्तातले एक प्रथिन या कर्करोगाची आगाऊ सूचना देईल असे वाटत होते. त्यांनी बाजारातून त्या प्रथिनाची तपासणी करणारा संच विकत घेतला. निकाल उत्साहवर्धक होते. दोन वर्षे आणि सुमारे पाच लाख डॉलर खर्ची पडल्यावर लक्षात आले की, त्या संचातली प्रतिपिंडे हव्या त्या प्रथिनाला ओळखतच नव्हती. ती सीए-१२५ या दुसऱ्याच, आधीपासून माहीत असलेल्या कर्करोगसूचक प्रथिनाला चिकटत होती. या गटाने झालेली फसगत जाहीरपणे लिहून काढली, हा त्यांचा मोठेपणा. असे किती गट गप्प राहिले असतील, हा विचार मात्र अस्वस्थ करतो.

ही दोन उदाहरणे अपवाद नाहीत. २०२३ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूविकारांशी संबंधित ६५ प्रथिनांसाठी विकली जाणारी ६१४ प्रतिपिंडे तपासली. त्यांची पद्धत साधी आणि बिनतोड होती. ज्या पेशीतून त्या प्रथिनाचे जनुकच काढून टाकले आहे, तिच्यावरही प्रतिपिंड सोडायचे. आपल्या बाजाराच्या भाषेत सांगायचे तर, जिथे एकही पाटील नाही अशा गावात जाऊन ‘पाटील’ म्हणून हाक मारायची. तिथेही मान वळली तर हाकच चुकीची. या कसोटीत निम्म्याहून अधिक प्रतिपिंडे एका ना एका वापरात नापास झाली. नापास झालेली कितीतरी प्रतिपिंडे आधीच असंख्य शोधनिबंधांत वापरली गेली होती. याच गटाने त्याआधी २०१९ मध्ये एका गंभीर चेताविकाराशी निगडित प्रथिनाच्या बाबतीत हेच दाखवले होते. त्या प्रथिनाला न ओळखणारी प्रतिपिंडे नावाजलेल्या, वारंवार उद्धृत केलेल्या निबंधांत वापरली गेली होती.

मग इतकी वर्षे हे चालले कसे? मला यात खलनायक दिसत नाही, व्यवस्थेची ढिलाई दिसते. कंपनीच्या यादीत प्रतिपिंडाच्या नावापुढे ‘या प्रयोगासाठी योग्य’ असे छापलेले असते आणि संशोधक ते खरे मानतो. पूर्वी कोणी तेच वापरून निबंध लिहिला असेल तर प्रश्नच मिटतो. त्याने वापरले म्हणून मी, मी वापरले म्हणून तिसरा. पारखायला वेळ द्यावा तर प्रकल्पाची मुदत संपते, विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती संपते. आणि पारखून ‘हे प्रतिपिंड कामाचे नाही’ असे कळले, तर त्यावर ना निबंध होतो ना बढती मिळते. चित्र जितके स्वच्छ आणि झळझळीत, तितके ते छापले जाण्याची शक्यता जास्त. त्यामागे कोणत्या चाचण्या केल्या, हे विचारायला कोणालाच फुरसत नसते.

सोने घेताना आपण हॉलमार्क पाहतो. तो नव्हता तेव्हा आपल्या आज्या सोनाराच्या कसोटीच्या दगडावर विश्वास ठेवत. चकाकते म्हणून कोणी डोळे झाकून पैसे मोजत नाही. मग ज्या कुपीवर एखाद्या विद्यार्थ्याची पाच वर्षे आणि करदात्यांचा पैसा लागणार आहे, तिच्याबाबत आपण इतके उदार का?

हे सगळे अशक्य किंवा फार नवे आहे असेही नाही. याच तंत्राच्या एका शाखेने फार पूर्वी ही शिस्त अंगी बाणवली आहे आणि तिचा फायदा महाराष्ट्रातल्या हजारो रुग्णांनी घेतला आहे. एचआयव्हीच्या रुग्णांना ‘सीडी-४’ हा शब्द ओळखीचा असतो. रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना चमकणारे प्रतिपिंड लावायचे, त्या एकेक करून लेझर किरणांपुढून सोडायच्या आणि चमकणाऱ्या मोजायच्या, ही ती तपासणी. १ एप्रिल २००४ पासून देशात एचआयव्हीची औषधे सरकारी केंद्रांतून मोफत मिळू लागली. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्या पहिल्या केंद्रांपैकी एक होते. त्यानंतर कित्येक वर्षे औषध कधी सुरू करायचे, हे प्रामुख्याने याच आकड्यावर ठरत असे. २०१७ मध्ये सर्वांना लगेच उपचार देण्याचे धोरण आले, तोवर या चमकणाऱ्या पेशींच्या मोजणीवर माणसांचे आयुष्य अवलंबून होते.

तो आकडा विश्वासार्ह का ठरला? कारण ‘सीडी’ या नावामागेच सामूहिक पारख आहे. १९७० च्या दशकाअखेर प्रत्येक प्रयोगशाळा पांढऱ्या पेशींसाठी आपापली प्रतिपिंडे बनवून त्यांना आपापली नावे देत होती, आणि कोणाचे प्रतिपिंड काय ओळखते याचा मेळ लागेनासा झाला होता. १९८२ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली. निरनिराळ्या प्रयोगशाळांनी आपली प्रतिपिंडे एकत्र आणली, ती एकाच प्रकारे तपासली गेली, आणि जी एकाच गोष्टीला ओळखतात त्यांना एक क्रमांक दिला गेला. सीडी-४ हा त्यातलाच एक क्रमांक. पुढे आपल्याकडेही पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने सीडी-४ मोजणाऱ्या केंद्रांच्या गुणवत्तेची बाहेरून तपासणी करण्याचे काम केले. एकाच रक्ताचा आकडा दोन शहरांत दोन प्रकारे येऊ नये, यासाठी ही धडपड होती. जिथे रुग्णाचा जीव थेट पणाला होता, तिथे आपण काटेकोर राहिलो. जिथे तो दहा-वीस वर्षांनी पणाला लागणार आहे, त्या संशोधनात मात्र ढिले पडलो.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. प्रतिपिंड वापरून काढलेले कोणतेही चित्र त्याच्या कसोटीच्या चित्रांशिवाय स्वीकारले जाऊ नये. ना शोधनिबंधात, ना पीएच.डी.च्या प्रबंधात. किमान कसोट्या स्वस्त आहेत. रंग न लावलेली पेशी दाखवा, म्हणजे तिची स्वतःची चमक किती ते कळेल. फक्त दुसरे, रंगवाहक प्रतिपिंड लावलेली पेशी दाखवा, म्हणजे ते आपणहून किती चिकटते ते कळेल. ज्या पेशीत ते प्रथिन नसतेच, तीही दाखवा. आणि ही सगळी चित्रे सूक्ष्मदर्शकाच्या एकाच मांडणीत, एकाच उजळपणाने काढा. विद्यापीठांना हा नियम करायला एक परिपत्रक पुरेसे आहे, अनुदान लागत नाही.

दुसरे, जिथे अनुदान लागते तिथे ते मागायची लाज नसावी. संशोधन प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात उपकरणे, रसायने, प्रवास असे रकाने असतात. ‘साधनांची पारख’ असा रकाना का नसावा? आपल्याकडे ही प्रतिपिंडे बहुतांशी आयात होतात, बर्फात गुंडाळून येतात, आणि इवल्याशा कुपीला हजारो रुपये पडतात. महाग वस्तू पारखून घ्यावी, हे तर साधे घरगुती शहाणपण आहे.

तिसरे, पारख एकट्याने करू नये. पुण्यात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आणि आयसर, मुंबईत टीआयएफआर, खारघरला ॲक्ट्रेक अशा संस्था एकमेकींपासून फार दूर नाहीत. कोणत्या कंपनीचे कोणते प्रतिपिंड कोणत्या प्रयोगात चालले आणि कोणत्यात नाही, याची सर्वांना खुली असलेली एक सामायिक नोंदवही ठेवता येईल. मॉन्ट्रियलच्या गटाने आपले निकाल सर्वांसाठी खुले ठेवले आहेतच. आणि त्याचा परिणाम काय झाला? नापास ठरलेल्या निम्म्याहून अधिक प्रतिपिंडांचा उत्पादक कंपन्यांनी फेरविचार केला. अनेकांच्या वापराच्या शिफारशी बदलल्या, काही बाजारातून काढूनही घेतली. म्हणजे दोष उघड केला तर दुरुस्ती होते. शिवाय ज्यांची जनुकीय घडण पूर्ण माहीत आहे आणि जी प्राण्याविना, दरवेळी हुबेहूब तशीच बनवता येतात, अशी प्रतिपिंडे त्या तपासणीत सर्वांत सरस ठरली. अशाच प्रतिपिंडांकडे वळावे, ही मागणी अँड्र्यू ब्रॅडबरी आणि अँड्रियास प्लुकथुन यांनी शंभराहून अधिक सहकाऱ्यांच्या पाठिंब्याने २०१५ मध्येच ‘नेचर’मध्ये केली होती. खरेदी करताना आपल्या संस्थांनी त्यांना पसंती द्यायला हवी.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, छोट्या महाविद्यालयांतल्या प्रयोगशाळांना हे परवडणार नाही. जनुक काढलेली पेशी बनवणे सगळ्यांच्या आवाक्यातले नाही, हे खरेच. पण तशी मागणी प्रत्येकाकडून करायचीही नाही. ती पारख एकदा एका ठिकाणी व्हावी आणि निकाल सगळ्यांनी वापरावा, यासाठीच तर नोंदवही हवी. न पारखता केलेले काम शेवटी फेकून द्यावे लागते, आणि ते छोट्या प्रयोगशाळेला सर्वांत महागात पडते.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. आधीच विज्ञानावर अविश्वास दाखवणाऱ्यांची कमी नाही, त्यात हे चव्हाट्यावर आणून आपण त्यांच्या हाती कोलीत देतो आहोत का? मला उलट वाटते. बीटाची चूक संशोधकांनीच शोधली. स्वादुपिंडाच्या तपासणीतली फसगत ज्यांची झाली त्यांनीच सांगितली. भोंदू वैद्य आपली चूक कधी छापत नाही. आपले चुकलेले पुन्हा तपासून जाहीर करते, म्हणूनच तर विज्ञानावर विश्वास ठेवायचा. झाकून ठेवले तर उद्या दुसरे कोणीतरी उघड करेल, आणि तेव्हा लाजही जाईल आणि विश्वासही.

राहिला सामान्य वाचक. त्याचा या चमकीशी संबंध बातमीतल्या चित्रापुरताच असतो असे नाही. सांधेदुखी, थकवा, अंगावर चट्टे अशा तक्रारींसाठी डॉक्टर कधीकधी ‘एएनए’ ही तपासणी करायला सांगतात. रुग्णाच्या रक्तातली काही प्रतिपिंडे पेशींच्या केंद्रकाला चिकटतात का, हे तिच्यात चमकणाऱ्या रंगाने पाहतात. अहवालावर ‘पॉझिटिव्ह’ दिसले की घरात रडारड सुरू होते. पण १९९७ च्या एका बहुराष्ट्रीय अभ्यासात, रक्तद्रव ८० पट पातळ केल्यावरही सुमारे १३ टक्के निरोगी माणसांची ही तपासणी पॉझिटिव्ह आली होती. इथे रंग खरा असतो, चिकटणेही खरे असते, आजार मात्र असतोच असे नाही. लक्षणे, इतर तपासण्या आणि डॉक्टरांचे निदान मिळूनच त्याचा अर्थ लागतो. नुसता अहवाल गुगलवर टाकून काळजी करत बसण्यात अर्थ नाही, आणि तो दुर्लक्षून डॉक्टरांकडे न जाण्यातही नाही.

तेव्हा पुढच्या वेळी वर्तमानपत्रात ते झगमगते हिरवे-लाल चित्र दिसेल, तेव्हा त्याचे कौतुक जरूर करावे. ऐंशीहून अधिक वर्षांच्या खटपटीतून माणसाने पेशीच्या अंधारात दिवा नेला आहे, ही थोर गोष्ट आहे. फक्त सोबत एक प्रश्न मनाशी विचारावा. जिथे हे प्रथिन नव्हतेच, तिथे दिवा लावून पाहिला होता का? आणि तिथे अंधारच दिसला होता ना? बातमी लिहिणाऱ्यांनी संशोधकाला आणि विद्यापीठांनी आपल्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न विचारायची सवय लावली, तर बीटासारख्या मृगजळामागे आणखी वीस वर्षे जाणार नाहीत.